चिठ्ठ्यांपासून जिरापर्यंत
२००१ च्या फेब्रुवारीत युटामधल्या स्नोबर्डला १७ जण जमले आणि अजाइल या सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतीचा जाहीरनामा तयार झाला. साधनांपेक्षा माणसं आणि त्यांचा संवाद मोलाचा, हे त्यातलं पहिलंच कलम. गंमत बघा, पुढच्याच वर्षी सिडनीच्या अटलासियन कंपनीने जिरा हे साधन बाजारात आणलं. तेही मुळात बग नोंदवायला. कामं कुठवर आली ते दाखवणारा अजाइलचा बोर्ड त्यात नंतर ग्रीनहॉपर या प्लगइनमधून आला.

हिंजवडीत आमची टीम भिंतीवर कामांच्या पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवायची. एसीचा झोत लागला, की ‘झालं’मधली चिठ्ठी सुटून थेट कचऱ्याच्या डब्यात! २०११ मध्ये ट्रेलो आलं: रकाने आणि सरकवायची कार्डं, बस्स. टेस्टर मंडळी खूश. मॅनेजरांना मात्र रिपोर्ट हवे होते, म्हणून जिराच घेतलं गेलं. २०१७ मध्ये अटलासियनने ट्रेलोही विकत घेतलं. मला विचाराल, तर सात-आठ जणांना अजूनही तीन रकाने पुरतात.