आयुष्याचा कच्चा नमुना: करिअरचा प्रश्न डिझाइनवाल्यांच्या हाती कसा गेला

आजचा विषय श्रोत्यांनी सुचवलेला आहे. ‘डिझाइन थिंकिंग’ वापरून आयुष्याची आणि करिअरची आखणी करता येते म्हणतात, ते नेमकं काय प्रकरण आहे, असं विचारणाऱ्या मेल अधूनमधून येत असतात. विचारणारे साधारण दोन प्रकारचे. एक म्हणजे पदवीचं शेवटचं वर्ष चालू असलेली मुलं-मुली. दुसरे चाळिशीच्या आसपासचे, हातात बरी नोकरी असलेले, आणि तरीही ‘हेच करत राहायचं का?’ या विचारानं अस्वस्थ असलेले.

आपला पॉडकास्ट इतिहासाचा. त्यामुळे यशाचे पाच मंत्र वगैरे माझ्याकडे नाहीत. पण ही कल्पना कुणाच्या हातून, कुठल्या कामासाठी घडली हे मी सांगू शकतो. ते कळलं की ती आपल्या घरात कितपत चालेल याचाही अंदाज येतो.

सुरुवात करू या अमेरिकेतल्या बोस्टन शहरापासून. साल १९०८. शहराच्या नॉर्थ एंड भागात इटली आणि पूर्व युरोपातून आलेल्या गरीब कुटुंबांची दाट वस्ती होती. तिथं सिव्हिक सर्व्हिस हाऊस नावाची संस्था या लोकांसाठी वर्ग आणि व्याख्यानं चालवायची. त्या वर्षीच्या जानेवारीत तिथंच फ्रँक पार्सन्स यांनी ‘व्होकेशन ब्युरो’ सुरू केला. काम एकच: समोर आलेल्या तरुणाशी सविस्तर बोलायचं आणि कुठला व्यवसाय निवडावा हे ठरवायला त्याला मदत करायची.

पार्सन्स यांची पद्धत तीन पायऱ्यांची होती. आधी स्वतःला ओळखा: आवडी, कुवत, मर्यादा. मग व्यवसायांची माहिती काढा: काम काय, पगार किती, पुढे वाव किती. आणि शेवटी या दोन्हींची सांगड घाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पार्सन्स वारले. त्यांचं ‘चूझिंग अ व्होकेशन’ हे पुस्तक १९०९ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर आलं. आज ज्याला आपण करिअर समुपदेशन म्हणतो, त्याचा उगम बहुतेक जण तिथंच मानतात.

आता खुद्द पार्सन्स यांचं आयुष्य बघा. शिकले इंजिनिअरिंग, कॉर्नेल विद्यापीठात. रेल्वे कंपनीत लागले, तर १८७३ च्या मंदीत ती कंपनीच बुडाली. मग कारखान्यात मजुरी केली, शाळेत मास्तरकी केली, वकिलीची परीक्षा दिली, कायद्याची पाठ्यपुस्तकं लिहिली, बोस्टन विद्यापीठात कायदा शिकवला. १८९५ मध्ये बोस्टनच्या महापौरपदाची निवडणूक लढवली आणि हरले. ज्या कामासाठी आज त्यांचं नाव घेतलं जातं ते आयुष्याच्या अगदी शेवटी केलं, जेमतेम काही महिने. विसाव्या वर्षी कुणी त्यांनाच तीन पायऱ्यांवरून चालवलं असतं, तर उत्तर ‘रेल्वे इंजिनिअर’ असं आलं असतं. यात त्यांची टिंगल करायचा हेतू नाही. दिशाहीन भटकणाऱ्या पोरांना कुणीतरी समोर बसवून विचारलं, हीच त्या काळात मोठी गोष्ट होती. पण माणूस आणि काम यांची जोडी एकदा जुळवली की झालं, हे गृहीतक मात्र त्या पद्धतीत राहून गेलं.

आपल्याकडेही तेच आहे की. ‘मुलगा नोकरीला चिकटला’ असं आपण म्हणतो आणि त्यात सुटकेचा निःश्वास असतो. चिकटला म्हणजे प्रश्न मिटला.

दुसरा धागा सुरू होतो एमआयटीत, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला. जॉन अर्नोल्ड नावाचे प्राध्यापक तिथं यंत्र अभियांत्रिकी शिकवायचे. गडी मुळात मानसशास्त्राचा पदवीधर. आपली मुलं गणितं अचूक सोडवतात, पण ज्याच्यासाठी वस्तू करायची त्या माणसाकडे बघतच नाहीत, ही त्यांची अडचण होती. त्यावर त्यांनी एक अफाट अभ्यासक्रम रचला. स्वाती नक्षत्रातला जो ठळक तारा, आर्क्ट्युरस, त्याच्या चौथ्या ग्रहावर पक्ष्यांसारखे, अंड्यातून जन्मणारे, हाताला तीनच बोटं असलेले जीव राहतात अशी कल्पना केली आणि विद्यार्थ्यांना सांगितलं, यांच्यासाठी अवजारं आणि वाहनं करा. आपल्या सवयी तिथं उपयोगाच्या नाहीत म्हटल्यावर मुलांना प्रत्येक गोष्ट पहिल्यापासून विचारावी लागली. याला काय जमतं? याला काय हवंय?

१९५७ मध्ये अर्नोल्ड स्टॅनफर्डला गेले आणि तिथं इंजिनिअरिंग आणि कला या दोन्ही विभागांना जोडणाऱ्या डिझाइनच्या शिक्षणाचा पाया घातला गेला. १९६३ मध्ये ते अकाली गेले, पण रॉबर्ट मॅकिम यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी ते काम चालू ठेवलं. आधी गरज शोधा, मग भराभर कच्चे नमुने करा, अशी तिथली शिकवण तयार झाली.

कच्चा नमुना म्हणजे किती कच्चा? १९८० चं उदाहरण घ्या. स्टॅनफर्डमधूनच बाहेर पडलेल्या डीन होवी आणि डेव्हिड केली यांच्या छोट्या फर्मकडे अ‍ॅपलनं संगणकाचा माउस करायचं काम दिलं. झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेतला माउस तेव्हा शेकडो डॉलरना पडायचा. होवी दुकानात गेले, काखेत लावायच्या डिओडरंटच्या बाटल्या आणि लोणी ठेवायचं भांडं घेऊन आले. बाटलीतला गोळा काढला, भांडं वर ठेवलं, झाला पहिला नमुना. तो चालायची गरजच नव्हती. कल्पनेत दम आहे का, एवढं थोडक्या पैशांत कळलं तरी पुरे होतं. याच केलींनी १९९१ मध्ये इतरांबरोबर ‘आयडिओ’ ही कंपनी उभी केली आणि ‘डिझाइन थिंकिंग’ हा शब्द जगभर पोचवण्यात तिचा मोठा वाटा आहे.

वस्तूंपासून आयुष्यापर्यंत ही उडी कशी पडली? त्याची वैचारिक परवानगी आधीच मिळालेली होती. अर्थशास्त्राचं नोबेल पुढे ज्यांना मिळालं त्या हर्बर्ट सायमन यांनी १९६९ मध्ये मांडलं होतं, की आहे ती परिस्थिती बदलून हवी ती आणण्यासाठी जो कुणी मार्ग आखतो तो डिझाइनच करत असतो. मग औषध लिहून देणारा डॉक्टरही त्यात आला आणि आयुष्याचा विचार करणारे तुम्ही-आम्हीही.

पण जवळपास त्याच सुमारास एक धोक्याची घंटाही वाजली होती. हॉर्स्ट रिटेल हे मूळचे बर्लिनचे. जर्मनीतल्या उल्म इथल्या डिझाइन शाळेत १९६३ पर्यंत शिकवून ते कॅलिफोर्नियात बर्कलीला गेले. (आपले सुधाकर नाडकर्णी जे.जे. मधून याच उल्मला शिकायला गेले होते. पवईच्या आयआयटीत १९६९ साली सुरू झालेलं इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर उभं करण्यात त्यांचा मोठा हात.) तर या रिटेल यांनी मेल्विन वेबर यांच्याबरोबर १९७३ मध्ये एक निबंध लिहिला. त्यात ‘विकेड प्रॉब्लेम’, म्हणजे चिवट, पाठ न सोडणाऱ्या प्रश्नांची लक्षणं दिली आहेत. त्यातलं एक लक्षण फार महत्त्वाचं: अशा प्रश्नांत सुटी रंगीत तालीम नसते. प्रत्येक प्रयत्न खराच असतो. महामार्ग बांधून बघू, नाही जमला तर काढून टाकू, असं म्हणता येत नाही. एकदा घरं पाडली की पाडली.

हे मनात ठेवून आता शेवटच्या टप्प्यावर येऊ. डेव्ह इव्हान्स स्टॅनफर्डला आले ते समुद्रात बुडी मारणारे फ्रेंच संशोधक जॅक कूस्तो यांच्यासारखं व्हायचं म्हणून. जीवशास्त्र घेतलं, ते काही जमेना, शेवटी यंत्र अभियांत्रिकीकडे वळले. पुढे अ‍ॅपलमध्ये माउसच्याच चमूत काम केलं, ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्स’ या गेम कंपनीचे ते एक संस्थापक झाले आणि मग बर्कलीत विद्यार्थ्यांना ‘आपलं काम कसं शोधावं’ हा विषय शिकवू लागले. बिल बर्नेट यांनी स्टार वॉर्सच्या खेळण्यातल्या बाहुल्या केल्या होत्या, अ‍ॅपलचे लॅपटॉप केले होते आणि नंतर ते स्टॅनफर्डच्या डिझाइन अभ्यासक्रमाचे प्रमुख झाले. २००७ च्या सुमारास हे दोघं एकत्र आले आणि त्यांनी वर्ग सुरू केला. २०१६ मध्ये त्याचं पुस्तक झालं, ‘डिझायनिंग युवर लाइफ’.

त्यांची पद्धत थोडक्यात सांगतो. पार्सन्स विचारायचे, तुला कोणतं काम योग्य? हे दोघं म्हणतात, एकच योग्य काम असतं हेच मुळात खरं नाही, एका माणसात अनेक चांगली आयुष्यं मावतात. म्हणून पुढच्या पाच वर्षांचे तीन वेगवेगळे आराखडे काढा. पहिला, आत्ता चाललंय तेच पुढे नेलं तर. दुसरा, ते काम उद्या नाहीसंच झालं तर. तिसरा, पैशाची आणि लोक काय म्हणतील याची काळजी नसती तर. कुठल्या कामात जीव रमतो आणि कुठल्या कामात जीव जातो याची रोज नोंद ठेवा. आणि मग कच्चे नमुने करा: ते काम करणाऱ्या माणसाला भेटा, जमलं तर दोन दिवस त्याच्याबरोबर राहा. ज्या गोष्टी हलणारच नाहीत, त्यांना ते गुरुत्वाकर्षणाचे प्रश्न म्हणतात. त्यांच्याशी कुस्ती खेळू नका, ते धरून पुढचं बघा.

योगायोग असा की त्याच २०१६ मध्ये महाराष्ट्रात दहावीच्या मुलांची कल चाचणी सुरू झाली. म्हणजे तिकडे जुळवाजुळवीची कल्पना मोडीत काढणारं पुस्तक येत होतं आणि इकडे आपण पार्सन्स यांचा वारसा लाखो मुलांपर्यंत नेत होतो. मी कल चाचणीच्या विरुद्ध नाही. ज्या घरात विचारणारं कुणीच नाही तिथं एक कागद तरी हातात यायचा. मात्र सोळाव्या वर्षीचा कल हा तेव्हापर्यंत जे बघितलं त्याचाच कल असतो, आणि जे बघितलंच नाही त्याचा कल कुठून येणार?

तरी रिटेल यांची शंका उरतेच. स्टॅनफर्डच्या वर्गातल्या मुलाचा एक प्रयोग फसला तर दुसरा करायला त्याच्यामागे पदवी आहे, ओळखी आहेत, बहुधा घरचा पैसाही आहे. आपल्याकडे पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा बघा. ‘एक प्रयत्न करून बघू’ म्हणून येतो. घरी कर्ज झालेलं असतं, गावात सांगून झालेलं असतं. पहिला प्रयत्न, दुसरा, चौथा. वय निघून जातं. याला नमुना म्हणता येणार नाही, हा रिटेल यांचा महामार्ग झाला.

म्हणून एवढा सगळा इतिहास चाळून मला जे हाती लागलं ते असं: या पद्धतीत तीन आराखड्यांपेक्षा ते लोण्याचं भांडं महत्त्वाचं आहे. चूक स्वस्तात करायची सोय. ज्याच्याकडे पैसा कमी, त्याला ती जास्त लागते. वकील व्हायचंय? प्रवेश घेण्याआधी तालुक्याच्या कोर्टात चार दिवस मागच्या बाकावर बसून या, त्याला फी नाही. आयटी सोडून शेती करायचीय? नोकरी न सोडता दहा गुंठ्यांवर एक हंगाम काढा आणि खर्चाची वही ठेवा. स्पर्धा परीक्षा द्यायचीय? जरूर द्या, पण खोली घेण्याआधीच किती प्रयत्न आणि त्यानंतर काय, हे घरच्यांसमोर बसून लिहून काढा, तारखेसकट.

आणि आई-वडिलांना एक विनंती. पोरानं काहीतरी छोटं करून बघितलं आणि ते फसलं, तर ‘तरी सांगत होतो’ हे वाक्य तेवढं टाळा. मुलाची चूक स्वस्त ठेवणं निम्मं तुमच्या हातात असतं. बोस्टनमधली ती पोरं पार्सन्स यांच्याकडे आली, कारण तिथं त्यांचं ऐकून घेणारा कुणीतरी होता, फुकट.

तुम्ही असा एखादा छोटा प्रयोग करून बघितला असेल, जमलेला किंवा फसलेला, तर जरूर लिहून कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.