माकणीच्या विहिरीतून खाली

लातूर-धाराशिव भागातल्या माकणी गावच्या शिवारातल्या एखाद्या जुन्या विहिरीत उतरा. एक हात भिंतीवर राहू द्या. जितकं खाली जाल, तितके मागच्या काळात पोचाल.

आधी काळी माती. मग मुरूम, बोटांनी चुरगळणारा. हाही एकेकाळचा पाषाणच, ऊनपावसानं कुजलेला. त्याखाली मांजऱ्या दगड, भोकाभोकांचा. काही भोकांत पांढऱ्या गारगोट्या. मग लागतो काळा पाषाण. त्यावर पहार घाला. खणकन आवाज येतो, मनगटापर्यंत झिणझिण्या येतात. याचा एक घनफूट तुकडा ऐंशी किलोच्या आसपास भरतो.

आता 6 कोटी 60 लाख वर्षं मागे या. विहीर नाही, तेरणा नदी नाही. जमिनीच्या भेगांतून निघालेला लाव्हा मैलोन्मैल पसरतोय, अकराशे अंशांच्या आसपास तापलेला. त्याच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले, तो मांजऱ्या झाला. पोटातला भाग सावकाश, घट्ट थिजला, तो पाषाण. म्हणून पाणी मांजऱ्याला लागतं. पाषाणात ते चिरेतूनच झिरपतं.

आणखी खाली चला. 1993 च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी जवळच्या किल्लारीत 617 मीटर खोल छिद्र घेतलं. वर 338 मीटर बेसाल्ट, म्हणजे हाच अग्निज काळा दगड. त्याखाली जेमतेम 8 मीटर गाळाचा खडक. त्याच्याही खाली दाब आणि उष्णतेनं रूप पालटलेला, सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा पट्ट्यापट्ट्यांचा खडक. शाळेत पाठ केलेले खडकांचे तिन्ही प्रकार तुमच्या पायांखाली एकावर एक रचलेले आहेत.

आता वर या, पण 1993 सालात थांबा. 30 सप्टेंबर, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून माणसं झोपली आहेत. तुम्ही अंधारात घराच्या दगडी भिंतीला हात लावता. दोन-अडीच हात रुंद भिंत, बाहेरून एक थर, आतून एक थर, मध्ये दगडगोटे आणि माती. दोन्ही थरांना आरपार धरणारा दगड नाही. डोक्यावर मातीचं जड माळवद. जमीन हादरते. हाताखालची भिंत पोटात फुगते, दोन्ही थर सुटतात आणि माळवद खाली येतं.

लातूर-धाराशिवच्या गावांत त्या पहाटे हजारो माणसं गेली. सकाळी ढिगाऱ्यातला दगड उचलून पाहिला, तर तो अखंड होता. सुटली होती ती दगडांमधली माती.

आपला पाषाण कोट्यवधी वर्षं टिकलाय. त्याच्या बळाबद्दल शंका नको. त्याला बांधायचं कसं, हे मात्र आपल्या हातात आहे. म्हणून दगडी भिंत घालाल तेव्हा आरपार जाणारे दगड बसवा, कोपरे एकमेकांत गुंतवा, चारी भिंतींना बांधणारा काँक्रीटचा पट्टा घाला आणि वरचा भार हलका ठेवा.