शब्दवेध : नायगाव बाजार

महाराष्ट्रात नायगावे बरीच. सावित्रीबाईंचे साताऱ्यातले, मुंबईत दादरजवळचे, शिवाय वसईचे. नांदेडच्या नायगावाने मात्र नावापुढे 'बाजार' जोडला आणि ओळख पक्की केली. 'गाव' संस्कृत 'ग्राम'पासून, प्राकृत 'गाम' होत आले. 'बाजार' अस्सल फारसी. दोघांचा संसार मजेत चाललाय! 1999 मध्ये बिलोलीतून फुटून नायगाव तालुका झाले. 'तालुका'ही अरबी 'तअल्लुक'वरून, म्हणजे संबंध. 'तहसील' म्हणजे वसुली. सप्टेंबर 1948 मध्ये इथली निजामी राजवट गेली, पण हे शब्द कचेरीच्या पाटीवर आजही आहेत. ते हटवायचा आग्रह मला तरी पटत नाही. पत्त्यावर मात्र 'बाजार' आणि 'जि. नांदेड' न विसरता लिहा. नाहीतर पत्र वसईला जायचे.