खिळे जुळवणारे हात

मराठी ग्रंथमुद्रणाचा आरंभ महाराष्ट्रात झाला नाही, ही गोष्ट महाराष्ट्राबाहेर मराठी शिकलेल्या आपल्यासारख्यांना विशेष जवळची वाटावी. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे छापले गेले. तेथील देवनागरी खिळ्यांच्या घडणीत पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराचा मोठा वाटा होता. पुढच्याच वर्षी तंजावरास सरफोजीराजांच्या छापखान्यातून ‘बालबोध मुक्तावली’ बाहेर पडली. मुंबईत ही विद्या नंतर रुजली आणि १८६९ साली स्थापन झालेल्या जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने तिला देखणे रूप दिले. या नावांमागे एक वर्ग मात्र निनावीच राहिला. तो म्हणजे खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरांचा.

शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रधातूचे खिळे लाकडी केसच्या कप्प्यांत मांडलेले असत. जोडाक्षरे आणि काना-मात्रा धरून देवनागरीला शेकडो निरनिराळे खिळे लागत. कंपोझिटर डाव्या हातात स्टिक धरून उभा राही. त्याची नजर हस्तलिखितावर असे आणि उजवा हात न पाहता नेमक्या कप्प्यात जाई. अक्षरे उलटी दिसत, तरी तो ती सुलट्यासारखी वाची. ओळी गॅलीत, मग मुद्रित, मग दुरुस्ती, मग फर्मा. आणि छपाई झाल्यावर प्रत्येक खिळा पुन्हा आपापल्या कप्प्यात. एका पानाच्या जुळणीइतकेच हे सोडणीचे कामही चिकाटीचे होते.

परप्रांतात या कामाला आणखी एक अडचण असे. हिंदी मजकुरासाठी सजवलेल्या केसमध्ये मराठीचा ‘ळ’ नसे, ‘दुसऱ्या’मधला अर्धा ‘र’ही नसे. मराठी स्मरणिका किंवा लग्नपत्रिका छापायची, तर हे मूठभर खिळे वेगळे मिळवावे लागत. भाषेचे वेगळेपण किती थोड्या धातूत मावते, हे त्या कप्प्यांपुढे उभे राहणाऱ्याला नेमके ठाऊक होते.

खिळ्यांची ही गर्दी कमी करण्याचे प्रयत्न लोकमान्य टिळकांनी केले. सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी सुचवली, तिच्यामागेही मुद्रणाची सोय हे एक कारण होते. लिपी यंत्राला सोयीची करावी, असा तो विचार होता. अखेर घडले ते उलटेच: यंत्रच लिपीला सोयीचे झाले. मोनोटाइप आणि लायनोटाइपनंतर फोटोजुळणी आली. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकसारख्या संस्थांनी भारतीय लिप्या संगणकावर आणल्या. शतकभर मुरलेला व्यवसाय एका पिढीच्या आत संपला. काहीजण कळफलक शिकले. पन्नाशी गाठलेल्या अनेकांना ते जमले नाही. खिळे वजनावर मोडीत गेले.

या बदलाबद्दल केवळ हळहळणे अप्रामाणिकपणाचे होईल. शिशाचा संसर्ग, मंद उजेडात शिणणारे डोळे, दिवसभर उभे राहणे आणि तुटपुंजा पगार हेही त्या व्यवसायाचेच भाग होते. आपल्या मुलाने हेच काम करावे, असे किती कंपोझिटरांना वाटत असेल? तरीही एक गोष्ट हरपली. छापला जाणारा प्रत्येक शब्द लेखकाखेरीज आणखी एका माणसाच्या बोटांतून जात असे. ऱ्हस्व-दीर्घाशी अडखळून लेखकाला शंका विचारणारा तो माणूस, बहुधा बेताचेच शालेय शिक्षण झालेला, भाषेचा पहारेकरी होता. त्याच्या ज्ञानाला आपण ‘हातकाम’ म्हटले, म्हणून ते जाताना त्याची नोंद कोणी ठेवली नाही.

आज ‘ळ’ प्रत्येकाच्या भ्रमणध्वनीत आहे; तो कोणाकडून मागून आणावा लागत नाही. तो कुठे उमटवायचा, हे मात्र यंत्राला मनुष्यानेच शिकवले. यंत्राच्या नव्या लाटेला सामोऱ्या जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी एवढे ध्यानात ठेवावे: व्यवसाय कालबाह्य होतात, पण शब्द उमटण्यापूर्वी थांबून तो तपासण्याची सवय कालबाह्य होत नाही. ती सवय लावण्यासाठीच शाळा असते.