घर सोडताना झाडायचे कोणासाठी?

हुपरीत केर सहजासहजी कोणी बाहेर टाकत नाही. चांदीचे गाव आहे. पैंजण, घुंगरू, साखळ्या घडवताना, कापताना, घासताना चांदीचे कण खाली पडतात, फरशीच्या फटीत बसतात. म्हणून चांदीकामाच्या खोलीतला केर हा केर नसतो, माल असतो. तो साठवतात आणि त्यातून पुन्हा चांदी काढतात. अशी खोली सोडताना कोपरान्‌कोपरा झाडला जातो तो मागे राहिलेल्या चांदीसाठी. त्यात गैर काही नाही. कष्टाची चांदी आहे.

गेल्या उन्हाळ्यात याच हुपरीत आम्ही एक खोली झाडली, तिच्यात चांदीचा एक कणही नव्हता. आमच्या ओळखीचे एक बौद्ध कुटुंब चार वर्षांनी भाड्याची जागा सोडत होते. आम्ही चौघे कार्यकर्ते मदतीला गेलो. छताची जाळी काढली, फरशी घासली, संडास-मोरी धुतली, बाबासाहेबांच्या आणि तथागतांच्या तसबिरींच्या खिळ्यांची भोके पांढऱ्या सिमेंटने बुजवली. किल्ली मालकाच्या हातात दिली आणि निघालो.

दोन दिवसांनी माळ्यावर राहिलेला पाण्याचा पिंप आणायला परत गेलो. उंबऱ्यावर शेणाचा सडा, खोलीभर गोमूत्राचा वास, कोपऱ्यात होमाची राख. शेजारच्या मावशी सहज म्हणाल्या, "नवी माणसं यायची हायती न्हवं, म्हणून शुद्ध करून घेतलं." आधीचे भाडेकरू गेले तेव्हाही केले होते का, असे विचारल्यावर त्या गप्प बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "तवा न्हाई केलं."

परतताना आमच्यातला सर्वांत लहान पोरगा म्हणाला, "दादा, पुढच्या येळी झाडायचंच न्हाई. घाण तशीच टाकून जायाचं. एवीतेवी त्यो शेणच टाकणार हाय."

आम्ही हसलो, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. जो आपल्या मागे घर 'शुद्ध' करून घेतो, त्याचे घर आपण स्वच्छ करून का द्यावे? आमच्या आजा-पणजाने यांच्या चावड्या फुकट झाडल्या, तेवढे पुरे नाही का? या प्रश्नाचे उत्तर इतिहासात शोधावे लागते. आणि इतिहासात झाडू एक नाही, निरनिराळे झाडू आहेत.

वेठीचा झाडू

पहिला झाडू आमच्या पूर्वजांच्या हातात सक्तीने दिलेला. महार वतन म्हणजे काय, हे आजच्या पिढीला शब्दाने माहीत असते, कामाने नसते. गावची चावडी झाडायची, रस्ते झाडायचे, सांगावे पोचवायचे, मेलेली जनावरे ओढायची. कोणी अंमलदार मुक्कामाला येणार असला, की त्याच्या उतरण्याची जागा आधी झाडून-लोटून तयार करायची, सरपण आणायचे, घोड्याला गवत घालायचे. म्हणजे येणाऱ्या माणसासाठी जागा तयार करण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या आमचे होते. बदल्यात वतनी जमिनीचा तुकडा आणि दारोदार मागितलेले बलुते. ना कामाला वेळ, ना कामाचा ठरलेला दाम, ना नाही म्हणण्याचा हक्क.

आणि यातली खरी मेख ही, की चावडी झाडणाऱ्याला चावडीवर बसता येत नव्हते. मुक्कामाची जागा तयार करणाऱ्याला तिथे कधीच मुक्काम करता येणार नव्हता. सफाई करणारा वेगळा आणि राहणारा वेगळा, आणि या दोघांची अदलाबदल जन्मात होणार नाही, हा वेठीच्या झाडूचा नियम.

हा नियम मोडायला सुरुवात झाली ती आमच्याच कोल्हापुरात. राजर्षी शाहू महाराजांनी 1918 मध्ये आपल्या संस्थानात महार वतने खालसा करून जमिनी रयतावा केल्या. 1919 मध्ये सार्वजनिक इमारती, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, पाणवठे या ठिकाणी अस्पृश्यता पाळायची नाही, असे हुकूम काढले. धर्मशाळेचा उल्लेख इथे महत्त्वाचा आहे. जी जागा झाडायची, त्या जागेत राहायचाही हक्क आहे, असे सरकारी कागदावर आले. पुढच्याच वर्षी, 21 आणि 22 मार्च 1920 रोजी, आमच्याच हातकणंगले तालुक्यातल्या माणगावात परिषद भरली आणि शाहू महाराजांनी बाबासाहेबांच्या रूपाने तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, असे जाहीरपणे सांगितले. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचे बिल मांडले. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा मात्र 1958 साली आला. झाडू हातातून काढून घ्यायला चाळीस वर्षे लागली.

तेव्हा आमचा पोरगा "झाडायचंच न्हाई" म्हणतो, त्यामागे हा सगळा इतिहास उभा आहे. तो आळस नाही, तो नकार आहे. त्या नकाराचा आम्ही आदर करतो.

शुद्धीचे गोमूत्र

दुसरी गोष्ट झाडूची नाहीच. तिला सफाई म्हणायचे कारण नाही.

1917 साली बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. परदेशात शिकून आलेला हा विद्वान, पण शहरात राहायला जागा नाही. पारशी नाव घेऊन ते एका पारशी पथिकाश्रमात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी आले. तू जागा बाटवलीस, संध्याकाळपर्यंत चालता हो, असा दम दिला. आठवडाभराची मुदत मागितली, तीही मिळाली नाही. बाबासाहेब कामाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात त्यांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. त्या खोलीत त्यांनी कोणती घाण केली होती? कोणतीच नाही. अडगळीने भरलेल्या, अंधाऱ्या मजल्यावर ते एकटे राहत होते. घाण खोलीत नव्हती. विटाळ मानणाऱ्याच्या डोक्यात माणूसच घाण ठरला होता.

20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपण प्यायलो. लगेच दुसऱ्या दिवशी सनातन्यांनी 108 घागरी शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे मिश्रण ओतून तळे 'शुद्ध' केले. पिण्याच्या पाण्यात शेण ओतून ते शुद्ध होते, हे शास्त्र जगात दुसरीकडे कुठे सापडणार नाही!

हे जुने झाले असे कोणी म्हणेल. 1978 मध्ये वाराणसीत बाबू जगजीवनराम यांनी संपूर्णानंदांच्या पुतळ्याचे अनावरण केले, आणि मग तो पुतळा गंगाजलाने धुण्यात आला. जगजीवनराम तेव्हा देशाचे संरक्षणमंत्री होते. ह्युमन राइट्स वॉचच्या 1999 च्या अहवालात नोंद आहे, की अलाहाबाद येथे एका न्यायाधीशाने आपले दालन गंगाजलाने शुद्ध करून घेतले, कारण आधी त्या दालनात दलित न्यायाधीश बसत होते. हुपरीची आमची खोली आणि ते दालन यांत फरक काय? दोन्हीकडे एक माणूस जागा सोडून गेला आणि पुढच्यासाठी ती 'तयार' करण्यात आली. 2015 मध्ये सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना जात-धर्म कळताच कसे डावलले जाते, हे त्यात दिसते.

समाजशास्त्रात मेरी डग्लस यांचा 1966 चा ग्रंथ आम्ही अभ्यासाला घेतला होता. त्यांचे म्हणणे असे, की घाण म्हणजे चुकीच्या जागी असलेली वस्तू. ताटातले अन्न घाण नाही, अंगरख्यावर सांडले की घाण. हेच सूत्र जातीला लावून पाहा. जातिव्यवस्थेत माणूसच चुकीच्या जागी असलेली वस्तू ठरतो. म्हणून सफाई आणि शुद्धी यांची गल्लत करू नका. सफाई डोळ्यांनी तपासता येते. फरशी स्वच्छ आहे की नाही, ते कोणीही सांगेल. शुद्धी तपासता येत नाही. तिला घाणीची गरज नसते, घाण ठरवायला एक माणूस लागतो.

विनयाचा झाडू

तिसरा झाडू आपला आहे. आणि तो आपण विसरलो आहोत.

विनयपिटकातल्या चुल्लवग्गात 'वत्तक्खंधक' नावाचे प्रकरण आहे. वत्त म्हणजे रोजच्या वागण्यातले कर्तव्य. त्यात येणाऱ्या भिक्खूची कर्तव्ये म्हणजे आगंतुकवत्त, आणि निघून जाणाऱ्या भिक्खूची कर्तव्ये म्हणजे गमिकवत्त. हा नियम का करावा लागला, तेही तिथे सांगितले आहे. काही भिक्खू लाकडी आणि मातीचे सामान तसेच टाकून, दारे-खिडक्या उघडी ठेवून, कोणाला न सांगता निघून जात. सामान नासे, निवासस्थान असुरक्षित राही. तेव्हा तथागतांनी नियम घालून दिला. जाण्यापूर्वी लाकडी-मातीच्या वस्तू नीट आवरून ठेवाव्यात. दारे-खिडक्या लावाव्यात. जागा कोणाच्या तरी स्वाधीन करावी: भिक्खू असेल तर भिक्खूच्या, नसेल तर श्रामणेराच्या, तोही नसेल तर विहाराची राखण करणाऱ्याच्या किंवा उपासकाच्या. कोणीच नसेल तर चार दगडांवर खाट ठेवून, खाटेवर खाट रचून, वर बिछाने ठेवून निघावे. छप्पर गळत असेल आणि जमत असेल तर ते शाकारून जावे. काहीच जमण्यासारखे नसेल तर गवत-पाल्याने झाकून जावे, निदान खाटेचे भाग तरी वाचतील!

किती बारीक विचार आहे पाहा. ज्याला आपण कधी पाहणार नाही, ज्याचे नाव-गाव-कुळ माहीत नाही, त्याची खाट भिजू नये म्हणून ही धडपड. आणि येणाऱ्यालाही काम आहे. विहार मळलेला दिसला तर त्याने अंथरूण-पांघरूण बाहेर काढून उन्हात घालावे, जाळी आधी वरून काढावी, धूळ उडू नये म्हणून पाणी शिंपडून झाडावे. आज जो जातो तो उद्या दुसऱ्या विहारात येणारा असतो. झाडणारा आणि राहणारा यांची सतत अदलाबदल. वेठीच्या नियमाच्या बरोबर उलट.

संडासाचे नियमही याच प्रकरणात आहेत. ब्राह्मण कुळातून आलेला एक भिक्खू शौचानंतर स्वतःचे अंगही धुवायला तयार नव्हता. ही घाण कोण शिवणार, असे त्याचे म्हणणे. तथागतांनी त्याच्यासाठी भंगी नेमला नाही. नियम केला: पाणी असेल तर ज्याने-त्याने धुवायचे, संडास मळलेला असेल तर तो स्वच्छ करायचा, पाण्याचे भांडे रिकामे असेल तर भरायचे. आणि परंपरा सांगते, की राजगृहाच्या पहिल्या संगीतीत हा सारा विनय सांगितला तो उपाली स्थविरांनी. ते जन्माने न्हावी. संघात सुनीतही होते. थेरगाथेतल्या त्यांच्या वृत्तांतानुसार ते आधी कोमेजलेली फुले झाडून टाकणारे. संघात आल्यावर त्यांनी झाडू टाकला असे नाही. सगळ्यांनीच झाडू घेतला.

हे आपल्या मातीतही घडले आहे. नाशिकच्या लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. लेणे 'चातुर्दिश' भिक्खुसंघाला, म्हणजे चारी दिशांच्या, आलेल्या आणि पुढे येणाऱ्या भिक्खूंना दिलेले आहे. विणकरांच्या श्रेणीत त्याने 2000 कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले. वर्षाचे 240 झाले. वर्षावासाला राहणाऱ्या 20 भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी 12. या वर्षीचे वीस पुढच्या वर्षी असतीलच असे नाही. कोणाचीच मालकी नसलेली जागा शतकानुशतके नांदती राहिली, ती जाणाऱ्याने येणाऱ्यासाठी आवरून ठेवली म्हणून.

मग आपण काय करायचे?

आमच्या पोरग्याला आमचे उत्तर असे आहे. बाळा, वेठ नाकारलीस ते बरोबर. पण खोली आपण मालकासाठी झाडली नव्हती. पुढे येणाऱ्या माणसासाठी झाडली होती. तो कोणत्या जातीचा, हे आपल्याला माहीत नाही आणि विचारायचेही नाही. घाण टाकून गेलो तर मालकाच्या डोक्यातले शेण खरे ठरेल, आणि आपण विनय सोडलेला असेल.

म्हणून घर सोडताना ते स्वच्छ करा, आणि ताठ मानेने करा. तारखेसह फोटो काढा, किल्ली आणि सामानाची यादी देऊन पोच घ्या, डिपॉझिट मोजून परत घ्या. जातीवरून घर नाकारले, तर 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याचे कलम 4 वाचा. वस्तीत घर घेण्याचा आणि राहण्याचा हक्क त्यात आहे. जातीवरून अपमान झाला तर साक्षीदार गाठा, तक्रार लिहून द्या, गप्प बसू नका.

आणि दोन गोष्टी आपल्या घरातल्या. नव्या घरात शिरताना आपल्यातले किती जण गुपचूप वास्तुशांत करतात, दाराला लिंबू-मिरची बांधतात? ब्राह्मणाच्या हातून कोणताही विधी करणार नाही, ही बावीस प्रतिज्ञांतली आठवी प्रतिज्ञा घेतलेल्यांनी हे करायचे? मग मालकाच्या होमावर रागावण्याचा आपल्याला काय अधिकार? दुसरी गोष्ट जास्त बोचरी आहे. त्या दिवशी हुपरीत आम्ही चौघे पुरुष मोठ्या उत्साहाने गेलो, पण संडास घासला तो त्या घरातल्या वहिनींनी. आम्ही भिंती बघत बसलो. भिक्खूंचा झाडू भिक्खूंच्याच हातात होता. आपल्या घरात तो बाईच्या हातात ठेवून आपण वेठीवर भाषणे देत असू, तर चावडीवर बसलेला पाटील आणि आपण यांत फरक उरत नाही.

पुढची खोली याच महिन्यात रिकामी करायची आहे. पोरगा येणार आहे. संडास कोण घासणार, हे आम्ही आधीच ठरवून ठेवले आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.