सिसप्लॅटिन : धातुसंयुगांच्या कर्करोगविरोधी चाचण्यांचा इतिहास

प्रास्ताविक

सिसप्लॅटिनचा शोध हा योगायोगाने लागलेला शोध म्हणून पाठ्यपुस्तकांतून सांगितला जातो. त्यात तथ्य आहे. परंतु त्या वर्णनामुळे नंतरची अनेक वर्षे चाललेली चाचण्यांची प्रक्रिया झाकली जाते. या चाचण्यांनी औषध कसे घडविले आणि पुढील संशोधनाला कोणती मर्यादा घातली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

जिवाणूंपासून उंदरांपर्यंत

अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठातील बार्नेट रोझेनबर्ग हे मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. विभाजन पावणाऱ्या पेशीतील तंतूंची रचना त्यांना चुंबकाभोवतीच्या लोहकिसासारखी भासली. विद्युतक्षेत्राचा पेशीविभाजनावर काही परिणाम होतो काय, हे पाहण्यासाठी त्यांनी ई. कोलाय जिवाणूंच्या संवर्धनातून विद्युतप्रवाह सोडला. अग्रे प्लॅटिनमची घेतली होती, कारण हा धातू निष्क्रिय मानला जात असे. जिवाणूंचे विभाजन थांबले, वाढ मात्र चालूच राहिली, आणि नेहमीच्या लांबीच्या सुमारे ३०० पट लांब तंतू तयार झाले.

रोझेनबर्ग यांचा मूळ तर्क येथे सिद्ध झाला असे मानणे सहज शक्य होते. त्यांनी व सहकारी लॉरेटा व्हॅन कॅम्प आणि थॉमस क्रिगस यांनी तसे केले नाही. एकेक घटक वेगळा करून पाहता विद्युतक्षेत्राचा काही संबंध नसल्याचे आढळले. अग्रांतून अल्प प्रमाणात विरघळलेला प्लॅटिनम माध्यमातील अमोनियम क्लोराइडशी संयोग पावत होता आणि हा परिणाम त्या संयुगांचा होता. हे निष्कर्ष १९६५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. माझ्या मते, ज्या गृहीतकासाठी प्रयोग मांडला तेच खोडून काढणारे हे तपासकाम मूळ योगायोगापेक्षा अधिक मोलाचे आहे.

क्रियाशील ठरलेल्या संयुगांपैकी एक रसायनशास्त्राला नवे नव्हते. इटालियन रसायनशास्त्रज्ञ मिकेले पेरोने यांनी ते १८४० च्या दशकात बनविले होते आणि आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ मध्ये मांडलेल्या सिद्धांताने त्याची रचना स्पष्ट झाली होती. त्यात प्लॅटिनमभोवती दोन क्लोरीन व दोन अमोनिया शेजारी शेजारी असतात. हेच घटक समोरासमोर असलेले ट्रान्स रूप मात्र कर्करोगावर निष्प्रभ ठरले. सिस रूप डीएनएच्या एकाच धाग्यावरील लगतच्या दोन ग्वानिनांना बांधून तो धागा वाकवते. ट्रान्स रूपाला हे साधत नाही. उंदरांमधील सार्कोमा १८० या अर्बुदावर सिसप्लॅटिन परिणामकारक असल्याचे १९६९ मध्ये जाहीर झाले.

मूत्रपिंडाचा प्रश्न

१९७० च्या दशकाच्या आरंभी रुग्णांवरील चाचण्या सुरू झाल्या आणि औषध जवळजवळ बाद होण्याच्या स्थितीला आले. अर्बुदे आक्रसत होती, पण मूत्रपिंडे निकामी होत होती. उलट्याही असह्य होत्या. जड धातूचे विष शेवटी विषच, ही जुनी शंका खरी ठरते की काय, असा तो काळ होता. यावर न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग येथील वैद्यांनी काढलेला उपाय अगदी साधा होता : औषधासोबत शिरेवाटे भरपूर द्रव व मूत्रप्रवाह वाढविणारे मॅनिटॉल देणे. रेणूत कोणताही बदल न करता केवळ देण्याची पद्धत बदलल्याने औषध वाचले. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी इंडियाना विद्यापीठात १९७४ पासून ते व्हिनब्लास्टिन व ब्लिओमायसिन यांच्या जोडीने वृषणाच्या पसरलेल्या कर्करोगावर वापरले. बहुधा तरुणांना होणारा आणि त्या अवस्थेत बहुतेकांचा बळी घेणारा हा रोग बहुसंख्य रुग्णांत बरा होऊ लागला. डिसेंबर १९७८ मध्ये अमेरिकेत या औषधास मान्यता मिळाली.

यशाने घातलेली चौकट

या यशानंतर प्लॅटिनमची असंख्य संयुगे तपासली गेली. १९७३ मध्येच क्लिअर आणि होशेले यांनी रचना व गुण यांचे नियम मांडले होते : संयुग विद्युतभाररहित असावे, सुटणारे दोन गट शेजारी असावेत, इत्यादी. कमी विषारी कार्बोप्लॅटिन याच वाटेने आले. परंतु नियम चाळणी झाला की त्यातून सिसप्लॅटिनची भावंडेच खाली पडणार. नियमांत न बसणारी, अनेक प्लॅटिनम केंद्रे असलेली संयुगेही प्रयोगशाळेत क्रियाशील असल्याचे पुढे दिसून आले.

रुथेनियमचे 'नामी-ए' हे संयुग या दृष्टीने अभ्यसनीय आहे. इटलीतील त्रिएस्ते येथे विकसित झालेले हे संयुग प्राण्यांमधील मूळ अर्बुदाला फारसे आक्रसवत नसे, पण फुप्फुसात पसरलेल्या गाठींना रोखत असे. मूळ गाठ किती लहान झाली एवढेच मोजणाऱ्या चाचणीत ते पहिल्याच पायरीवर नापास झाले असते. १९९९ मध्ये ॲमस्टरडॅम येथे त्याची रुग्णांवर चाचणी सुरू झाली. नंतरच्या अभ्यासात जेमसिटाबिनच्या जोडीने देऊनही अपेक्षित लाभ दिसला नाही आणि त्याचा विकास थांबला. त्या अभ्यासातही औषधाचे मोजमाप मुख्यतः आधीच वाढलेल्या गाठींवरूनच झाले होते.