फोनवरची सोबत

म्हातारं माणूस घरात एकटं असलं की आपल्याकडे शेजारचं कुणीतरी सोबतीला झोपायला जातं. तिथे करायचं काहीच नसतं, नुसतं असायचं असतं. ब्रिटनमध्ये उतारवयात दृष्टी गेलेल्यांना स्वयंसेवक हीच सोबत फोनवरून देतात. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी फोन करायचा आणि गप्पा मारायच्या. हे काम आजचं वाटतं, पण त्याचा धागा जवळजवळ दोनशे वर्षं मागे जातो.

१८३४ मध्ये लंडनमध्ये गरीब अंधांच्या घरी जाणारी एक संस्था निघाली. पुढे ब्रायटनच्या विल्यम मून यांनी या घरभेटींना नवं वळण दिलं. मून यांची स्वतःची दृष्टी ऐन विशीत गेली होती. त्या काळच्या उठावाच्या लिप्या वयस्कर, कष्टाने राठ झालेल्या बोटांना उमगत नाहीत, हे त्यांनी शिकवताना पाहिलं आणि १८४५ मध्ये रोमन अक्षरं सोपी करून ठळक रेषांची लिपी काढली. ती शिकवायला शिक्षक पुस्तकं घेऊन घरोघर जाऊ लागले. म्हातारपणी अंध झालेल्याला शाळेत बोलवायचं नाही, आपणच त्याच्याकडे जायचं, ही रीत तेव्हा रुजली.

मग घरात आवाज आला. अंधांना रेडिओ मिळावेत म्हणून १९२९ च्या नाताळात चर्चिल यांनी रेडिओवरूनच आवाहन केलं. १९३५ मध्ये तबकड्यांवरची बोलकी पुस्तकं आली. केवढा आधार झाला असेल! पण ‘काल गुडघा दुखत होता, आज कसा आहे?’ असं त्यातला कुठलाच आवाज विचारत नव्हता.

ते विचारणारी माणसं भलत्याच ठिकाणी तयार झाली. १९५३ मध्ये लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुक चर्चमध्ये चॅड व्हारा या धर्मगुरूंनी आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी एक टेलिफोन ठेवला. फोन येऊ लागले, माणसंही येऊ लागली. व्हारा एकाशी बोलत असताना बाकीचे बाहेर थांबत, आणि मदतीला आलेले साधे लोक त्यांना चहा देत, त्यांच्याशी बोलत बसत. थोड्याच दिवसांत व्हारांच्या लक्षात आलं, की बरेचजण त्या बोलण्यानेच हलके होऊन जातात, आपल्यापर्यंत येण्याची त्यांना गरजच उरत नाही. फेब्रुवारी १९५४ मध्ये त्यांनी हे काम स्वयंसेवकांवर सोपवलं. सल्ला न देता ऐकून घेणाऱ्या सोबतीला तिथे कामाचा दर्जा मिळाला. माझ्या मते आजच्या फोनमैत्रीचं खरं घर म्हणजे ती चहाची खोली. त्या चर्चमध्ये तो काळा टेलिफोन आजही जपून ठेवला आहे.

दृष्टी गेलेल्यांना ही सोबत एवढी का लागते? वयामुळे डोळ्याचा पडदा झिजतो तेव्हा बहुधा नजरेचा मधला भागच जातो. दारातल्या माणसाचे खांदे दिसतात, चपला दिसतात, चेहरा दिसत नाही. रस्त्यात कुणी हसलं तर उलट हसता येत नाही, आणि लोक समजतात, बाई शिष्ट आहेत. हळूहळू बाहेर पडणंच बंद होतं. फोनवर मात्र कुणालाच कुणाचा चेहरा दिसत नाही. तिथे दोघं बरोबरीचे असतात.

२०१३ मध्ये एस्थर रँट्झन यांनी ज्येष्ठांसाठी ‘सिल्व्हर लाइन’ ही फोनसेवा सुरू केली आणि आठवड्याच्या फोनची पद्धत देशभर माहीत झाली. २०२० च्या कोरोनात तिथल्या आरोग्यसेवेच्या हाकेला साडेसात लाखांवर लोकांनी नावं दिली. त्यातलं एक काम एकट्या माणसांना फोन करून गप्पा मारण्याचं होतं.

आपल्याकडे अंधांसाठी स्वयंसेवक म्हटलं की परीक्षेतला ‘रायटर’ आठवतो. ते काम मोलाचंच आहे, पण सत्तरीत दृष्टी गेलेल्या मावशींना परीक्षा नसते. त्यांना दुपार असते, लांबच लांब. तुमच्या ओळखीत अशा कुणी असतील तर फोन लावा. ‘ओळखा पाहू कोण?’ म्हणू नका, आधी आपलं नाव सांगा. आणि मंगळवारी चारला करतो म्हणालात, तर मंगळवारी चारलाच करा. त्या साडेतीनपासून फोनजवळ बसलेल्या असतात.